मॉरिशसची कंपनी : सवलत किती, जोखीम किती?

मॉरिशस म्हटले की मराठी माणसाला निळा समुद्र, उसाची शेती आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा मराठी समाज आठवतो. शेअर बाजारातील जाणकाराला मात्र आठवतो तो करार. दुहेरी करआकारणी टाळण्यासाठी भारत आणि मॉरिशस यांनी २४ ऑगस्ट १९८२ रोजी केलेल्या या कराराने हिंदी महासागरातील हे चिमुकले बेट भारतात येणाऱ्या विदेशी भांडवलाचे महाद्वार बनले.

यामागचे गणित सोपे होते. मॉरिशसमधील कंपनीने भारतीय कंपनीचे शेअर विकून नफा मिळवला, तर त्यावर कर लावण्याचा अधिकार करारानुसार फक्त मॉरिशसला होता. आणि मॉरिशस भांडवली नफ्यावर करच आकारत नाही. परिणामी हा नफा दोन्हीकडे करमुक्त राहत असे. १९९२ मध्ये भारताने विदेशी वित्तसंस्थांना शेअर बाजार खुला केला. त्याच वर्षी मॉरिशसने परकीय व्यवसायांसाठी खास कायदा केला आणि या मार्गावरची वर्दळ वाढली.

पत्त्यापुरत्या कंपन्यांना ही सवलत का द्यावी, हा वाद न्यायालयात गेला. 'आझादी बचाओ आंदोलन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सरकारचे परिपत्रक वैध ठरवले आणि मॉरिशसच्या कर-रहिवासी प्रमाणपत्राला बळ मिळाले. अखेर २०१६ मध्ये करारातच दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०१७ पासून खरेदी केलेल्या शेअरच्या विक्रीवरील नफ्यावर कर लावण्याचा हक्क भारताला मिळाला.

मग आज तेथे कंपनी कशी स्थापन होते? परदेशात व्यवसाय करणाऱ्या कंपनीला तेथील वित्तीय सेवा आयोगाचा परवाना लागतो आणि अर्ज परवानाधारक व्यवस्थापन कंपनीमार्फत करावा लागतो. किमान दोन स्थानिक संचालक, मॉरिशसमध्ये मुख्य बँक खाते, तेथेच ठेवलेले हिशेब आणि तेथेच झालेले लेखापरीक्षण या प्रमुख अटी आहेत. कंपनी कर १५ टक्के. ठरावीक उत्पन्नावर ८० टक्के सूट मिळाल्यास तो प्रत्यक्षात ३ टक्क्यांवर येतो. मात्र त्यासाठी कंपनीचे खरेखुरे कामकाज मॉरिशसमध्ये चालले पाहिजे.

भारतात राहणाऱ्याची खरी परीक्षा याच्या पुढे सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. परकीय गुंतवणुकीचे ऑगस्ट २०२२ मधील नियमही पाळावे लागतात. बँकेमार्फत नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. वित्तीय सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीत व्यक्तीने थेट गुंतवणूक करण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे.

दुसरा प्रश्न निर्णय कोठे होतात याचा. कंपनीची नोंदणी पोर्ट लुईमध्ये आणि महत्त्वाचे सारे निर्णय नरिमन पॉइंटवर, अशी स्थिती असेल आणि वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांहून अधिक असेल, तर आयकर खाते ती कंपनी भारतीय रहिवासी मानून तिच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावू शकते. उलाढाल कमी असली तरी भागधारकाला मिळालेला लाभांश भारतात करपात्रच असतो.

सर्वांत मोठी चूक असते ती लपवण्याची. परदेशी कंपनीतील हिस्सा आयकर विवरणपत्रात दाखवावा लागतो. २०१५ च्या काळा पैसा कायद्यानुसार अघोषित परदेशी मालमत्तेवर ३० टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड आहे. शिवाय तुरुंगवासाचीही तरतूद आहे. देशोदेशीची सरकारे आता खात्यांची माहिती परस्परांना आपणहून पुरवत असल्याने गुप्ततेची हमी पोकळ ठरते.

परदेशात कंपनी काढणे हा गुन्हा नव्हे. परदेशी ग्राहक वा भागीदार असतील, तर ती गरजही असू शकते. परंतु तिचे प्रयोजन एका वाक्यात, कर हा शब्द न वापरता सांगता येत नसेल, तर सल्लागाराचे शुल्क भरण्यापूर्वी पुन्हा विचार करणेच शहाणपणाचे.