रोप कोलमडले, पण दोष कुणाचा?

गेल्या सप्टेंबरात शहापूर तालुक्यातल्या एका घरी आम्ही सहज भेटीला गेलो होतो. पडवीत अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये मिरचीची रोपे केलेली होती. भात कापून झाला की उरल्या ओलीवर मिरची-वांगी लावायची, वर्षाचे तिखट घरचे करायचे आणि वर उरेल ते बाजारात न्यायचे, असा त्या घरचा नेहमीचा बेत. पण मातीवर कापसासारखी पांढरी बुरशी पसरली होती आणि निम्मी रोपे माना टाकून आडवी झाली होती.

सासूबाई म्हणाल्या, "नव्या सुनेच्या हाताला गुणच नाही. मी करते तेव्हा असं कधी होत नाही." सून खाली मान घालून उभी होती. ती बिचारी सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालत होती.

खरे कारण तिथेच होते. सासूबाई दरसाल अंगणात उंच वाफ्यावर रोपे करीत. यंदा पाऊस लांबला म्हणून ट्रे पडवीत आले. तिथे ऊन नाही, वारा नाही, पुठ्ठा सदा ओला, आणि त्यावर दोन वेळा पाणी. बुरशीला याहून आवडते घर कोणते?

आधी एक फरक ओळखावा. मातीच्या वरच्या थरावर दिसणारी पांढरी लव बहुधा रोपाला मारत नाही. ओल जास्त झाल्याचा तो इशारा असतो. खोड मातीलगत पाणचट, तपकिरी होऊन दोऱ्यासारखे बारीक पडले आणि रोप कोलमडले, तर तो मर रोग. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या जंतूंमुळे तो होतो. पिथियमचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत जातात. म्हणून चिखल झालेल्या ट्रेमध्ये एका रोपाचा रोग बघता बघता शेजारच्या रोपांना लागतो.

रोपाची जागा आधी स्वच्छ हवी, ही गोष्ट शहापूर-मुरबाडला नवी नाही. भाताच्या रोपांची जागा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या भाजली जाते. शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पावसाआधी पेटवून द्यायचे. हाच राब. त्यात तणाचे बी जळते, मातीतली कीड-रोगराई कमी होते. इंग्रजी अमलात राबासाठी जंगलातल्या फांद्या तोडण्यावर बंधने आली, तेव्हा ठाणे जिल्ह्यातून एवढ्या तक्रारी झाल्या की 1885 साली सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. शेतकऱ्यासाठी रोपाची जागा इतकी मोलाची होती.

ट्रेमध्ये राब भाजता येत नाही, पण तेच काम उन्हाकडून करून घेता येते. मे महिन्यात माती ओली करून पसरावी, पारदर्शक प्लास्टिकने झाकून कडा दाबाव्यात आणि 4 ते 6 आठवडे उन्हात तापू द्यावी. मग ती कोरड्या गोणीत भरून ठेवावी. ट्रे गेल्या वर्षीचे असतील तर साबण लावून गरम पाण्याने धुवावेत. ट्रेच्या तळाला भोके हवीतच. अर्धकच्चे शेणखत घालू नये. पूर्ण कुजलेल्या एक किलो खतात 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळावा. ही उपयोगी बुरशी रोगाच्या बुरशीला वाढू देत नाही. बी विरळ आणि उथळ पेरावे. दुकानातले रंगीत बी औषध लावलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यावर हात धुवावेत.

पाण्याचा नियम सोपा आहे. फजरनंतर मातीला बोट लावून पाहावे. वरची माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. मगरिबच्या सुमारास घालू नये, कारण रात्रभर ओल तशीच राहते. ट्रे उजेडाच्या आणि वाऱ्याच्या जागी ठेवावेत.

एवढे करूनही लव दिसली तर वरचा थर खरवडून टाकावा, पाणी थांबवावे आणि ट्रे उन्हात सरकवावा. रोपे कोलमडू लागली तर पडलेली रोपे मातीसकट उचलून दूर टाकावीत, ती वाचत नाहीत. उरलेल्यांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराईड, 1 लिटर पाण्यात 2.5 ते 3 ग्रॅम या मापाने ओतावे. ते दिले की लगेच ट्रायकोडर्मा घालू नये, कारण औषधाने तोही मरतो.

त्या घरी आम्ही सासू-सुनेला घेऊनच हे काम केले. पुठ्ठ्याचे ट्रे काढून टाकले, उभी रोपे ओट्याच्या कडेला उजेडात नेली आणि कमी पडलेले बी पुन्हा पेरले. नोव्हेंबरात परत गेलो तेव्हा मिरची शेतात लागली होती. दरसालापेक्षा दोन ओळी कमी होत्या, पण होती. सासूबाई हसून म्हणाल्या, "आता हीच बोट लावून बघते आणि मला सांगते, अम्मी, आज पाणी नको."

रोप गेले तर पुन्हा बी पेरता येते. घरच्या लेकी-सुनेवर खोटा इल्जाम ठेवण्याआधी निदान मातीला बोट लावून पाहावे.