मिसळणाच्या डब्यातली चार तोंडं

2005 साली इंग्लंडमध्ये आम्ही एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. टायर पाहिले, इंजिन पाहिलं, पावसात छत गळतं का तेही पाहिलं. गॅसचा विचार मात्र कोणीच केला नाही. आम्ही दोघं मूळचे पुण्याचे. गॅस संपला की नंबर लावायचा आणि तोवर शेजारून टाकी आणायची, एवढंच आमचं त्यातलं ज्ञान. शेजारणीची टाकी आपल्या शेगडीला बसेल का, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

युरोपात तोच प्रश्न पडला. ब्रिटनमधली नेहमीची टाकी आपल्या मालकीची नसते. अनामत भरून ती वापरायला मिळते आणि रिकामी झाली की त्याच कंपनीच्या दुकानात देऊन भरलेली आणायची. समुद्र ओलांडून फ्रान्सला उतरलं की ती कोणी बदलून देत नाही. दोन आठवड्यांच्या सहलीत हे जाणवत नाही. सहा आठवडे फिरायचं तर चौथ्या आठवड्यापासून चहा मोजून होतो.

खरं तर चहाला गॅस फारसा लागत नाही. शेगडीचा दीड किलोवॉटचा बर्नर तासभर जळला तरी जेमतेम 110 ग्रॅम खातो. खादाड असतो तो हीटर. सहा किलोवॉटचा हीटर पूर्ण जोरात चालला तर तासाला जवळजवळ अर्धा किलो गॅस जातो. त्यामुळे उन्हाळ्यात महिनाभर पुरणारी 11 किलोची टाकी थंडीत आठवडाभरही टिकत नाही.

पहिली काही वर्षं आम्ही युरोपात बऱ्याच ठिकाणी बदलून मिळणारी छोटी निळी टाकी वापरली. तिच्यात 2.75 किलो ब्युटेन. 2008च्या मार्चमध्ये मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यच्या डोंगरात एका सकाळी शेगडी पेटेना. टाकी हलवली तर आत खळखळ ऐकू येत होती. वॉशर काढून पुसला, रेग्युलेटर उलटासुलटा करून पाहिला, दुकानदाराच्या नावाने बोटंही मोडली. त्याचा काही दोष नव्हता. ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की द्रवच राहतं, त्याची वाफ होत नाही. बाहेर उणे चार होतं. प्रोपेनला उणे 42पर्यंत ही अडचण नाही, म्हणून थंड मुलखात प्रोपेनच वापरतात. शाळेत उत्कलनबिंदू पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी अकरा वाजता, ऊन टाकीवर आल्यावर कळला.

मग जर्मनीत प्रोपेनची करड्या रंगाची 11 किलोची टाकी विकत घेतली. तिचं तोंड वेगळं, म्हणून नळी वेगळी. एव्हाना गाडीच्या कपाटात तीन टाक्या आणि तीन नळ्या जमल्या होत्या. "भंगारवाल्याची हातगाडी बरी," असं आमची ही म्हणाली ते खोटं नव्हतं. यातली गंमत अशी की गॅसचा दाब तोवर सगळीकडे एक झाला होता. पूर्वी जर्मन गाड्यांची उपकरणं 50 मिलिबारची असत आणि ब्रिटिश गाड्यांना ब्युटेनसाठी 28, प्रोपेनसाठी 37 मिलिबार लागे. 2003पासून नव्या गाड्यांना सरसकट 30 मिलिबार आला. उपकरणांवर एकमत झालं, टाकीच्या तोंडावर काही झालं नाही.

2010मध्ये आम्ही पंपावर भरता येणाऱ्या दोन टाक्या बसवून घेतल्या. किंमत ऐकून हिने विचारलं, "अहो, एवढ्या पैशांत बदलायच्या किती टाक्या येतील?" बऱ्याच आल्या असत्या. पण या टाक्या आमच्या मालकीच्या होत्या आणि गाड्यांना एलपीजी देणाऱ्या कुठल्याही पंपावर लिटरच्या भावाने भरता येत होत्या. तो भाव बदलून आणलेल्या टाकीच्या निम्म्याहूनही कमी पडे. शिवाय टाकी बदलताना तळाशी उरलेला गॅस दुकानदाराला फुकट जातो. इथे डोंगर चढण्याआधी अर्धी टाकीही वरपर्यंत भरून घेता येते.

वरपर्यंत म्हणजे 80 टक्के. तेवढी भरली की आतली झडप आपोआप बंद होते. उरलेली जागा उन्हात फुगणाऱ्या द्रवासाठी मोकळी ठेवायची असते.

फ्रान्समधल्या पंपावरची पहिली वेळ अजून डोळ्यांसमोर आहे. गाडीच्या बाहेरच्या अंगाला टोपण, ते काढून त्यात पितळी अ‍ॅडॉप्टर हाताने आवळायचा. मग जाडजूड नोझल त्यावर बसवून दांडा ओढायचा आणि पंपावरचं हिरवं बटण दाबून धरायचं. सोडलं की गॅस थांबतो. अंगठा दुखायला लागला, आकडा सोळा लिटरवर आला आणि खटकन थांबला. नोझल काढताना फस्स करून पांढरा धूर सुटला आणि मी दोन पावलं मागे उडालो. आत अडकलेला घोटभर गॅस तो, दर वेळी सुटतो. त्या थंडगार गॅसने बोटं भाजतात म्हणून हातमोजे घालायचे, हे मी दुसऱ्या खेपेला शिकलो.

पण तोंडांचं लचांड इथेही आहेच. ब्रिटन आणि हॉलंडमध्ये बॅयोनेट, म्हणजे बल्ब होल्डरमध्ये फिरवून अडकवतो तसं. फ्रान्स, इटलीत बशीसारखं डिश. जर्मनी, बेल्जियममध्ये जाड आट्यांचं अ‍ॅक्मे. स्पेनमध्ये युरो नोझल. पाटीवरही फ्रान्स-इटलीत जीपीएल आणि स्पेनमध्ये जीएलपी. हिने पुण्याहून आणलेल्या मिसळणाच्या जुन्या डब्यात आमचे अ‍ॅडॉप्टर राहतात. मोहरीच्या वाटीत डिश, हळदीच्या वाटीत अ‍ॅक्मे.

दोन-तीन ठिकाणी पंपावरच्या माणसाने हात हलवून नकार दिला. जर्मनीत तर बाटल्या भरायला मनाई असल्याच्या पाट्याच दिसतात. तेव्हा राग आला होता, आता येत नाही. झडप नसलेली साधी टाकी काठोकाठ भरून उन्हात नेणारे महाभाग असतात आणि स्फोट झाला तर तो पंपवाल्याच्या दारात होईल. आमच्या टाक्या पक्क्या बसवलेल्या आहेत आणि भरायचं तोंड गाडीच्या भिंतीत आहे, एवढं दाखवलं की बहुतेक जण मान डोलावतात.

2021पासून ब्रिटिश पासपोर्टवर 180 दिवसांत 90च दिवस युरोपात राहता येतं. त्यामुळे आता सहल संपते, गॅस उरतो.  इकडे घराजवळचे एलपीजीचे पंप एकेक करून बंद पडले. ज्या पंपावर मी 2010मध्ये पहिल्यांदा टाकी भरली, तिथे आता विजेच्या गाड्या चार्ज होतात.

म्हणून हल्ली आम्ही टाक्या न भरताच निघतो आणि फ्रान्समध्ये उतरल्यावर भरतो.