तारेचं टोक

कानातलं विकत घेताना आपण ते समोरून बघतो. सोनार ते हातात घेतल्या घेतल्या उलटं करतो. आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांची ही सवय मी लहानपणी कितीदा पाहिली होती, पण तिचा अर्थ कळायला मला स्वतः तारेची कानातली करायला लागून दोन वर्षं जावी लागली. समोरचं फूल, मणी, चक्र हे सगळं बघणाऱ्यासाठी. घालणारीच्या कानाला कळते ती मागची काडी: तिचा धातू, तिची जाडी, तिचं टोक. घरी केलेल्या कानातल्यांची खरी परीक्षा तिथे होते. माझी पहिली जोडी त्या परीक्षेत नापास झाली.

भाचीच्या वाढदिवसाला केली होती. तांब्याच्या तारेची गोगलगाईसारखी वेटोळी आणि मध्ये फिरोजी मणी. वेटोळ्यांवर मी तीन संध्याकाळी घालवल्या आणि हूक मात्र तयार पाकिटातले आणले, चांदीसारखे चकचकीत आणि भलतेच स्वस्त. दुसऱ्या दिवशी रात्री बहिणीचा फोन आला, "अगं, पोरीच्या पाळ्या लाल झाल्यात, पाणी सुटलंय." मी हूक परत घेऊन दुकानात गेले. "ताई, जर्मन सिल्वर आहे, त्यानं काही होत नाही," असं उत्तर मिळालं.

जर्मन सिल्वरमध्ये चांदीचा कणही नसतो. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. त्यातलं निकेल घामानं सुटतं आणि कातडीत शिरतं. एकदा का शरीरानं त्याच्याशी वैर धरलं, की ते बहुधा जन्मभर टिकतं. पुढे घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण, काहीही त्रास देतं. आणि हे वैर जडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे नुकतं टोचलेलं कानाचं भोक. म्हणूनच युरोपीय संघानं टोचलेल्या जागी घालायच्या वस्तूंसाठी वेगळी, अधिक कडक मर्यादा ठेवली आहे: दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. एरवी कातडीला लागून राहणाऱ्या वस्तूंना ०.५ चालतं. आपल्या आज्या टोचलेल्या भोकात कडुलिंबाची काडी घालायच्या, जखम भरेपर्यंत सोन्याखेरीज दुसरा धातू घालू द्यायच्या नाहीत. हा निव्वळ हौसेचा भाग नव्हता, हे मला त्या फोननंतर नीट समजलं. तेव्हापासून समोरचा भाग तांब्याचा असो की पितळेचा, कानात जाणारी तार मी चांदीचीच घेते, शेकडा ९२.५ चांदी आणि बाकी तांबं असलेली. ज्यांना तीही सोसत नाही त्यांच्यासाठी टायटॅनियमची.

तार आणायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती गेज?" आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. सोनाराची जंतरपट्टी पाहिली की उलगडा होतो. पोलादी पट्टीत एकाहून एक लहान भोकं. धातूच्या कांडीचं टोक निमुळतं करायचं, भोकातून पलीकडे काढायचं, सांडशीत धरून सगळी कांडी ओढून घ्यायची. मग त्याहून लहान भोक, मग त्याहूनही लहान. जितक्या ओढी तितकी तार बारीक. गेजचा आकडा मुळात या ओढींच्या मोजणीतून आलेला आहे. अडचण एवढीच, की मोजण्याच्या रीती दोन आहेत. ब्रिटननं १८८४ पासून लागू केलेली एक, अमेरिकेची दुसरी. २० गेजची तार ब्रिटिश हिशेबानं ०.९१ मिलिमीटर भरते, अमेरिकी हिशेबानं ०.८१. आपल्याकडे तारेच्या दुकानांत बहुधा ब्रिटिश माप चालतं आणि शिकवणारे व्हिडिओ अमेरिकी माप सांगतात. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा हा फरक कागदावर काहीच वाटत नाही. कानाच्या भोकात मात्र तो ताबडतोब कळतो. म्हणून दुकानात गेजऐवजी मिलिमीटर सांगावेत. हुकाला ०.८ किंवा ०.७, मणी गुंफायला ०.४, आणि सांगाड्याला १ मिलिमीटर.

तारेचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. विकत आणलेली मऊ तार पहिल्यांदा वाकवताना लोण्यासारखी वळते. तीच जागा दुसऱ्यांदा वाकवली की बोटांना विरोध जाणवतो, तिसऱ्यांदा तार अडून बसते, आणि मग एकदा टचकन तुटते. धातूच्या आत अणूंच्या रांगा असतात. वाकवताना त्या एकमेकींवरून सरकतात, ठिकठिकाणी अडकतात, आणि पुढच्या वेळी सरकायला मोकळी वाट उरत नाही. तापवलं की रांगा पुन्हा नीट लागतात. तांब्याची तार मंद लाल होईपर्यंत ताव द्यायचा आणि सरळ पाण्यात टाकायची. ती मऊच राहते. पोलाद असं पाण्यात टाकलं तर कडक होतं, तांबं होत नाही. तावानं तारेवर काळी पुटं येतात, ती काढायला आपल्या स्वयंपाकघरातलीच चिंच आणि मीठ. तांब्या-पितळेची भांडी घासणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

घडवायला तार मऊ हवी आणि वापरायला कडक, सगळी कसरत या दोन गरजांमधली आहे. ती पाहायची तर एक हूक करताना पाहावा. पाच-पाच सेंटिमीटरच्या दोन तारा एकदम कापायच्या. जोडीतलं एक पूर्ण करून दुसरं करायला घेतलं, तर दोन्ही कधी सारखी होत नाहीत. प्रत्येक पायरी दोन्ही तारांवर लागोपाठ झाली पाहिजे. राउंड नोज पकडीच्या निमुळत्या तोंडावर मी शाईची बारीक खूण करून ठेवली आहे, म्हणजे फासा नेहमी त्याच जाडीवर वळतो. फासा वळला की तार मार्कर पेनाच्या अंगावरून वाकवायची. त्या वळणाची कमान पाळीला बरोबर बसते. शेपटाचं टोक किंचित बाहेर वळवायचं, म्हणजे घालताना ते भोक शोधत कातडीला टोचत नाही. मग हातोडी. माझी ऐरण म्हणजे बंद पडलेली जुनी जड इस्त्री, उलटी करून ठेवलेली. कमानीचा जो भाग कानाच्या पुढे दिसतो, तेवढ्यावर दोन-तीन हलके घाव. तिथे तार जराशी चपटी होते, कडक होते आणि हुकाला स्प्रिंगसारखा ताण येतो. घाव कानातून जाणाऱ्या भागावर पडला, तर तिथली तार रुंद होते आणि सगळी मेहनत वाया जाते. पहिल्या वर्षात मी असे किती हूक मोडीत काढले याची मोजदाद नाही.

मोडीत गेलेल्या चांदीचा मात्र एक सोहळा होतो. चांदीच्या तारेचा तुकडा चिमट्यात उभा धरायचा आणि खालच्या टोकाला छोट्या गॅस टॉर्चची ज्योत लावायची. टोक लाल होतं, क्षणभर थरथरतं आणि एकाएकी आक्रसून वर चढत त्याची गोल गुंडी होते. वितळलेला धातू स्वतःला शक्य तितका आवरून घेतो, म्हणून थेंब गोल. ज्योत काढायला उशीर झाला तर गुंडी जड होऊन गळून पडते. या गुंडीच्या तारेत मणी ओवला की तो निसटत नाही, आणि डाख द्यायची गरजही पडत नाही. शेकडो वेळा केलं तरी तो थरथरण्याचा क्षण मला नवा वाटतो.

डाख न देता, नुसती तार वाकवून आणि ठोकून दागिना उभा राहू शकतो, हे अलेक्झांडर काल्डर या अमेरिकी शिल्पकारानं थाटात दाखवून दिलं. हवेत तरंगणाऱ्या त्याच्या शिल्पांमुळे तो जगाला माहीत आहे. पण त्यानं सुमारे १,८०० दागिनेही केले, बहुतेक पितळ, चांदी आणि पोलादाच्या तारेचे. सुरुवात लहानपणी, बहिणीच्या बाहुल्यांसाठी, रस्त्यावर सापडलेल्या तांब्याच्या तारेतून झाली. १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमनं आपलं कलादालन उघडलं, त्या संध्याकाळी तिच्या एका कानात काल्डरनं केलेलं कानातलं होतं आणि दुसऱ्या कानात इव्ह तांगी या चित्रकारानं केलेलं. काल्डरच्या दागिन्यांची छायाचित्रं मोठी करून पाहावीत. हातोडीचे घाव त्यानं लपवलेले नाहीत. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम केलेलं घंगाळ पाहिलं, तर त्याच्या अंगावरही ठोक्यांची तशीच उघडी, ओळीनं उमटलेली नक्षी दिसते. त्या ठोक्यांनी भांड्याला शोभा येते आणि पत्रा कडकही होतो.

आपल्याकडच्या कानातल्यांत तर मागच्या बाजूचा विचार किती खोल गेला आहे! भिकबाळी घ्या. पुरुषांनी उजव्या कानाच्या वरच्या भागात घालायचा हा दागिना म्हणजे सोन्याची एक तार, तीत मध्ये माणिक किंवा पाचू आणि दोन बाजूंना मोती. तीच तार सांगाडा, तीच मणी ओवायचा दोरा आणि कानात अडकवायची कडीही तीच. तारकामाचा याहून नेटका नमुना मी पाहिलेला नाही. मोत्यांच्या कुडीला मागे मळसूत्र असतं, आजच्या भाषेत फिरकी. त्यामुळे फूल पाळीला घट्ट बसतं, झुकत नाही. जड झुब्यांचा भार पाळी ओढू लागला, तर वेल आहेत. ते भार कानावरून उचलून केसांत नेतात. वेलांना आपण नुसता शृंगार समजतो, पण कुणी तरी कधी तरी ओघळलेल्या पाळ्या पाहून ही युक्ती काढली असणार. आणि बुगडी हरवल्याची लावणी तर १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’पासून साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. माझ्यासारखीला ती ऐकताना बुगडीच्या सैल फिरकीची काळजी वाटते.

घरी बसून तारेचं काम करणं ही हौशी लोकांची नवी टूम आहे असंही समजू नये. कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीकाम घराघरांत चालतं. ओडिशात कटकची तारकशी आहे, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. केसासारख्या दोन चांदीच्या तारा पिळून, चपट्या करून, त्यांची जाळी चौकटीत भरायची. ती डाखाची, वर्षानुवर्षांच्या हाताची विद्या आहे. तिच्यापुढे माझं काम पाटीवर गिरवलेल्या अक्षरांइतकं, हे मला माहीत आहे. पण अक्षर गिरवल्यावर जसं दुसऱ्याचं हस्ताक्षर वाचता येतं, तसं तार हाताळल्यावर दागिना वाचता येतो. आता बाजारात कानातलं उचललं की मीही आधी ते उलटं करते. जंप रिंगचं, म्हणजे भाग जोडणाऱ्या बारीक कडीचं, तोंड मिटलंय का, की त्यातून केस शिरेल एवढी फट आहे? फट असेल तर ती रिंग ओढून फाकवलेली असते. रिंग उघडायची ती दाराच्या झडपेसारखी बाजूला, एक टोक पुढे आणि एक मागे. ओढून फाकवलेली रिंग पुन्हा गोल होत नाही.

काळपट चांदीची फॅशन आहे, आणि तिला सगळे ऑक्सिडाइज्ड म्हणतात, पण त्या काळेपणात काम गंधकाचं असतं. घरी करायचं तर अंडं कडक उकडायचं, गरम असतानाच फोडून डब्यात ठेवायचं, शेजारी चांदीचं कानातलं आणि वर घट्ट झाकण. अंड्यातून गंधकाचा वायू सुटतो आणि थोड्याच वेळात चांदी आधी पिवळसर सोनेरी, मग तपकिरी, मग काळी होते. हवी ती छटा आली की बाहेर काढायचं आणि वरचे उंचवटे कापडानं घासायचे; काळं फक्त खाचांत उरतं आणि वेटोळं उठून दिसतं.

या दिवाळीला भाचीसाठी पुन्हा वेटोळी केली आहेत, तीच, फिरोजी मण्याची. ती आता कॉलेजात जाते. समोरचं काम एका संध्याकाळी झालं. हुकाची टोकं मात्र अजून माझ्या हातात आहेत. आधी बारीक कानस, एकाच दिशेनं, टोक बोटांत फिरवत. मग पॉलिश पेपर, खरखरीत, मग मऊ. शेवटी आईच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा घेऊन त्यावरून टोक ओढायचं. धागा अडकला तर पुन्हा कानस. डावा हूक सरळ निघून गेला. उजव्यानं आत्ताच एक बारीकसा धागा उचललाय.