तीन भावांची लढाई आणि वऱ्हाडाचे देणे

डिसेंबर १८०३ मध्ये, अवघ्या तेरा दिवसांच्या अंतराने, अचलपूरच्या परिसरात ईस्ट इंडिया कंपनीचे दोन तह झाले. १७ डिसेंबरला गाविलगडाजवळच्या देवगावी नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावी दौलतराव शिंद्यांशी. शाळेच्या पुस्तकात दोन्ही तहांना एकेक ओळ मिळते: कोणी कोणता मुलूख सोडला. ती ओळ खरी आहे, पण अपुरी आहे. ज्या युद्धाचा शेवट आपल्या दारात झाला, ते कोणाच्या शब्दावर सुरू झाले? खुद्द इंग्लंडात त्याला कोणी विरोध केला? आणि त्या विरोधातून वऱ्हाडाच्या पदरात काय पडले? या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडली, तर आजही उपयोगी पडेल असा एक धडा हाती लागतो.

एका घराचा कारभार

१७९८ साली रिचर्ड वेलस्ली कलकत्त्यास गव्हर्नर जनरल म्हणून आला. धाकटा भाऊ आर्थर आधीच पलटणीसह हिंदुस्थानात होता. त्याहून धाकटा हेन्री रिचर्डचा खाजगी सचिव झाला. पुढच्या वर्षी, ४ मे १७९९ रोजी, म्हैसूरची राजधानी श्रीरंगपट्टण पडले. किल्ल्यावरच्या हल्ल्याचे नेतृत्व जनरल बेअर्डने केले होते, पण किल्ल्याचा ताबा मिळाला तो हुद्द्याने त्याच्या खाली असलेल्या आर्थरला. बेअर्डने या अन्यायाविरुद्ध उघड तक्रार केली. म्हैसूरची वाटणी ठरवायला पाच जणांचे मंडळ नेमले गेले. त्यातले दोघे गव्हर्नर जनरलचे सख्खे भाऊ होते आणि मंडळाच्या चिटणिसांपैकी एक होता जॉन माल्कम. हे नाव पुढे सुर्जी-अंजनगावच्या प्रकरणातही भेटते.

१८०१ मध्ये अवधच्या नवाबाकडून अर्धा मुलूख घेतला गेला आणि त्याच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या मंडळाचा प्रमुख झाला हेन्री. अशा जागा कंपनीच्या सनदी नोकरांसाठी राखलेल्या होत्या आणि हेन्री सनदी नोकर नव्हता. लंडनमधल्या संचालकांनी त्याला काढण्याचा खलिता तयार केला. पण संचालकांच्या डोक्यावर सरकारी नियंत्रण मंडळ होते आणि त्याने तो खलिता अडवला.

संचालकही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. कंपनीत कारकून आणि छात्र भरण्याचा हक्क त्यांच्या हाती होता आणि तो हक्क ते आपल्या नातलगांसाठी व स्नेह्यांसाठी बिनदिक्कत वापरत. म्हणून त्यांचा राग निव्वळ तत्त्वाचा होता असे मानता येत नाही. वशिल्याची एक साखळी दुसऱ्या साखळीवर चिडली होती. पुढे युद्धाला जो विरोध झाला त्याचे मोल करताना हे विसरून चालणार नाही.

कायदा एक, लढाई दुसरी

१७८४ च्या पिटच्या कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगितले होते की, हिंदुस्थानात मुलूख जिंकणे आणि राज्य वाढवणे हे ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध आणि प्रतिष्ठेविरुद्ध आहे. १७९३ च्या सनदी कायद्यातही हे कलम कायम राहिले. असे असताना ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावाशी तह झाला. पुण्याच्या गादीला इंग्रजी फौजेचा टेकू मिळाला आणि तो आपल्यावर उलटणार हे शिंदे-भोसल्यांनी लगेच ओळखले.

२६ जून १८०३ रोजी रिचर्डने दख्खनमधले लष्करी आणि राजकीय सर्वाधिकार आर्थरच्या हाती दिले. लढायचे की थांबायचे आणि कोणत्या अटींवर थांबायचे, हे आता गव्हर्नर जनरलचा भाऊ जागेवरच ठरवणार होता. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडले, २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली आणि २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याजवळ आडगावच्या मैदानात भोसल्यांची फौज मोडली.

त्यानंतर मोर्चा अचलपूरकडे वळला. ५ डिसेंबरला आर्थर वेलस्ली अचलपुरास पोचला आणि आडगावच्या जखमींसाठी त्याने इथे रुग्णालय उभारले. अचलपूर म्हणजे इमादशाहीची जुनी राजधानी. त्या वेळी ते निजामाच्या वतीने नवाब सलाबतखानाच्या ताब्यात होते. पुढे गाविलगड होता. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने मेळघाटच्या डोंगरांतून अवजड तोफा ओढत गडाच्या उत्तरेची बाजू गाठली आणि १५ डिसेंबरला तटाला खिंडार पाडून इंग्रज फौज आत घुसली. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. तिसऱ्या दिवशी देवगावी भोसल्यांच्या वकिलाने तह मान्य केला.

त्या तहाने कटक आणि बालासोर कंपनीकडे गेले. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून सुटला आणि १८०४ च्या वाटणीत निजामाला मिळाला. वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चाललेला भोसले-निजामांचा दुअंमल असा संपला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले. आर्थरच्या छावणीत दुभाषी-सचिवाचे काम करणारा, चोविशीतला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नागपूरचा रेसिडेंट झाला. तो कर्तबगार होता यात शंका नाही, पण जागा कोणाच्या शब्दाने मिळत होत्या हेही यातून दिसते.

याच काळात, १८०३-०४ मध्ये, दख्खनवर दुष्काळ कोसळला. पावसाने दगा दिला होता आणि फौजांनी वैरण व धान्य आधीच संपवले होते. तहाच्या कलमांत त्या उपाशी माणसांचा उल्लेख नाही.

दोन्ही बाकांवरचा विरोध

युद्ध जिंकूनही इंग्लंडात समाधान नव्हते. पिटच्या पक्षातला, नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष कॅसलरे याने मार्च १८०४ मध्येच वसईच्या तहावर टिपण लिहिले. मराठ्यांच्या आपसातल्या भांडणांत आपण कायमचे गुंतत जाऊ, ही त्याची भीती होती. त्या टिपणाला सविस्तर उत्तर लिहिले ते आर्थरने, म्हणजे भावाच्या धोरणाचे समर्थन भावानेच केले. समोरच्या बाकावर व्हिग पक्षाचा फिलिप फ्रान्सिस होता. वॉरन हेस्टिंग्जचा हा जुना वैरी. एप्रिल १८०५ मध्ये त्याने कॉमन्स सभेत मराठा युद्धावर ठराव आणला आणि १७८४ च्या कायद्याची आठवण करून दिली.

तोवर युद्धात उतरलेल्या होळकरांनी चित्र पालटले होते. १८०४ मध्ये इंग्रज अधिकारी मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडाली आणि १८०५ च्या आरंभी भरतपूरच्या वेढ्यात इंग्रज सेनापती लेकला वारंवार माघार घ्यावी लागली. कंपनीचे कर्ज फुगत गेले. १८०६ च्या सुमारास ते तीन कोटी पौंडांवर पोचले होते. संचालकांनी रिचर्डच्या कारभारावर ताशेरे ओढणारा खलिता लिहिला आणि नियंत्रण मंडळाने तोही रोखला. पण कंपनीच्या भागधारकांनी ९२८ विरुद्ध १९५ मतांनी संचालकांची बाजू उचलून धरली. रिचर्डला परतावे लागले. त्याच्या जागी म्हातारा कॉर्नवॉलिस युद्ध आवरण्यासाठी आला आणि ५ ऑक्टोबर १८०५ ला गाझीपूरला वारला.

इथवर विरोध यशस्वी दिसतो. पुढचे मात्र नीट पाहिले पाहिजे. लखनौला व्यापार करून परतलेला खासदार जेम्स पॉल याने १८०६ मध्ये रिचर्डवर महाभियोगाचे आरोप ठेवले. नेमके तेव्हा पंतप्रधानपदी होते लॉर्ड ग्रेनव्हिल, रिचर्डचे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्याच मदतीने आर्थर राय मतदारसंघातून खासदार झाला आणि सभागृहात भावाचा बचाव करू लागला. एके काळी वॉरन हेस्टिंग्जवर तुटून पडलेला फॉक्स आता याच मंत्रिमंडळात होता आणि त्याने पॉलला साथ दिली नाही. १८०८ मध्ये निंदेचा ठराव पडला आणि रिचर्डच्या प्रशंसेचा ठराव मंजूर झाला. १८०९ मध्ये रिचर्ड परराष्ट्रमंत्री झाला. हेन्री स्पेनमध्ये राजदूत झाला. आर्थर ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून १८२८ मध्ये पंतप्रधान झाला.

वऱ्हाडाच्या नावावरचे कर्ज

निजामाला वऱ्हाड मिळाले आणि त्याबरोबर फौजेचा खर्चही आला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ही फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. अचलपूरलगत परतवाड्याला तिची छावणी होती. पगारासाठी पैसा पुरवण्याचे काम हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने घेतले. व्याज शेकडा चोवीस-पंचवीस होते आणि परतफेडीसाठी परगण्यांचा महसूल लावून दिला जाई. युरोपियनांनी देशी संस्थानिकांना कर्ज देण्यावर कायद्याने बंदी होती. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने (हा वॉरन हेस्टिंग्ज नव्हे) या पेढीला त्यातून सूट दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड हा हेस्टिंग्जच्या पालकत्वाखाली वाढलेल्या मुलीचा नवरा होता.

१८२० मध्ये हैदराबादला रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने हे प्रकरण बाहेर काढले. त्या वर्षीच्या साठ लाखांच्या कर्जातले आठ लाख पेढीने आधीच बक्षिसी म्हणून धरले होते. १८२३ मध्ये कंपनीने उत्तर सरकार या प्रांताच्या पेशकशीपोटी एकरकमी पैसे देऊन पामरचे देणे मिटवले. वर्षभरात पेढी बुडाली. लंडनला इंडिया हाउसमध्ये भागधारकांनी १८२५ मध्ये यावर लांबलचक वाद घातला.

फौज मात्र राहिली आणि तिचा खर्चही राहिला. नवे सावकार आले, मक्ते दिले गेले आणि वसुलीचा भार गावोगावच्या कुणब्यावर पडला. अखेर २१ मे १८५३ रोजी डलहौसीने याच फौजेच्या थकबाकीपोटी वऱ्हाड निजामाकडून लावून घेतले. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले. १९०५ मध्ये अचलपूर जिल्हाही मोडून अमरावतीत मिळवला गेला.

या साऱ्याचा हिशेब मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. वेलस्लींच्या युद्धाला दोन्ही बाकांवरून विरोध झाला, तो बराचसा प्रामाणिकही होता आणि त्याने एका गव्हर्नर जनरलला घरी पाठवले. पण त्या विरोधकांनी मोजले ते कंपनीचे कर्ज, संसदेचा मान आणि आपले अधिकार. देवगावचा तह रद्द करा किंवा वऱ्हाडच्या रयतेला भरपाई द्या, ही मागणी पुढे रेटणारा गट त्या सभागृहात उभा राहिला नाही. म्हणून माणूस बदलला आणि व्यवस्था तशीच राहिली. त्याच व्यवस्थेने पुढे पामरची पेढी पोसली.

अचलपूर, परतवाडा आणि अंजनगावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना गाविलगड दाखवाल तेव्हा बेनीसिंगाच्या शौर्याबरोबर हा हिशेबही सांगा. कोणत्याही युद्धात, कोणत्याही काळात, निर्णय घेणारे एकमेकांचे कोण लागतात आणि खर्च कोणाच्या नावावर पडतो, हे दोन प्रश्न विचारायला त्यांना शिकवा. दुसरा प्रश्न न विचारता केलेला विरोध अर्धाच असतो आणि अर्ध्या विरोधाची किंमत वऱ्हाडाने शंभर वर्षे मोजली आहे.