पहिली पायरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बाभुळगावच्या बसस्थानकाजवळ चहा घेत बसलो होतो. शेजारचा एक तरुण म्हणाला, "काकाजी, नगरपंचायतीत निवडून येऊन होते काय? नाल्या अन् दिवे! काम करायचे तर आमदारच व्हावे लागते." मी त्याला विचारले, "आपल्या जिल्ह्यातले वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, त्याआधी ते काय होते?" त्याला सांगता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या तरुणाला दिलेले उत्तरच समजा.

वसंतरावांचा जन्म 1 जुलै 1913 रोजी पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा तांड्यात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकिली करू लागले. 1946 साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. तीच त्यांची सार्वजनिक जीवनातील पहिली मोठी जबाबदारी. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आमदार झाले. त्या वेळी विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. तिथे ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. 1956 साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि नाईकसाहेब मुंबईत मंत्री झाले. 1960 साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्यांच्याकडे महसूल खाते आले.

नगरसेवक आणि आमदार यांच्या कामात फरक असतो, तो आधी समजून घेऊ. नळाला पाणी आले नाही, तर नगरसेवकाला सकाळीच घरातून हाक येते. कर किती लावायचा, त्यातून कोणता रस्ता करायचा, हे त्याला त्याच माणसांसमोर ठरवावे लागते. आमदाराचे काम कायदे करण्याचे, राज्याच्या अंदाजपत्रकाला मंजुरी देण्याचे आणि सरकारला प्रश्न विचारण्याचे. नगरसेवकाची चूक आठ दिवसांत वॉर्डाला कळते. कायद्यातली चूक कळायला मात्र कधी कधी पिढी जाते. म्हणूनच कायदा करणाऱ्याने आधी नळाची हाक ऐकलेली असावी, असे मला वाटते.

याचा दाखला नाईकसाहेबांच्याच कामात सापडतो. खेड्यापाड्यांचा कारभार लोकांच्या हाती कसा द्यावा, हे ठरवण्यासाठी 1960 साली राज्य सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते वसंतराव नाईक. 1961 साली समितीने अहवाल दिला, त्यात 226 शिफारशी होत्या. देशपातळीवरच्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पंचायत समितीवर भर दिला होता. नाईक समितीने मात्र जिल्हा परिषद बळकट करा, असे सांगितले. जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेबाहेर ठेवून स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्याची पद्धत तिथूनच आली. आमदार-खासदारांनाही जिल्हा परिषदेचे सदस्यत्व मिळाले नाही. गावच्या कारभारात नवी माणसे तयार व्हायची, तर मोठ्यांची सावली थोडी बाजूला हवी, हा विचार मला त्यामागे दिसतो. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आज आपल्या मुलांची प्राथमिक शाळा, गावचा दवाखाना, गावाला जोडणारा रस्ता यांतले बरेच काही त्याच व्यवस्थेतून चालते.

5 डिसेंबर 1963 रोजी नाईकसाहेब मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत, सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. 1972 च्या दुष्काळात मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. पण लाखो हातांना कामे द्यायची, तर ती गावोगावी शोधून उभी करणारी यंत्रणा लागते. ती आधीच उभी होती, हे महत्त्वाचे.

हे उदाहरण एकटे नाही. देवेंद्र फडणवीस 1992 साली नागपूर महापालिकेचे नगरसेवक, 1997 साली महापौर आणि 1999 साली आमदार झाले. 2014 साली ते मुख्यमंत्री झाले. नाईकसाहेबांनंतर पाच वर्षांची मुदत सलग पूर्ण करणारे ते पहिलेच मुख्यमंत्री. दोघांचे पक्ष वेगळे, काळ वेगळा. पहिली पायरी मात्र तीच.

आता काळजीची गोष्ट सांगतो. 2022 साली आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि निवडणूक वर्षानुवर्षे लांबत राहिली. राज्यातल्या अनेक नगरपालिका-महापालिकांचीही तीच गत झाली. विधान परिषदेच्या 78 पैकी 22 जागा स्थानिक संस्थांच्या सदस्यांच्या मतांवर भरतात. मतदान करणारे सदस्यच उरले नाहीत, म्हणून त्यातल्या कित्येक जागाही रिकाम्या राहिल्या. प्रशासक कितीही चांगला असो, त्याला पुन्हा मते मागायला आपल्या दारी यायचे नसते. आणि जी पोरे या काळात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य होऊन कारभार शिकली असती, त्यांची ती वर्षे वाया गेली. हे नुकसान कोणत्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

त्या तरुणाला मी शेवटी एवढेच म्हणालो, "नाल्या अन् दिवे लहान काम समजू नको. वॉर्डात कोणाच्या दारासमोर अंधार असतो, हे ज्याला ठाऊक आहे, तोच उद्या मुंबईत बसून योग्य ठिकाणी दिवा लावू शकतो." त्याने चहाचे पैसे दिले आणि विचारले, "काकाजी, अर्ज भरायला कागद कोणकोणते लागतात?"