हळकुंडाची झळाळी कशाची?

हट्ट्याच्या शिवारात हळद शिजू लागली की वास थेट गावात येतो. वाळलेली हळकुंडं ड्रममध्ये फिरवून पॉलिश होतात आणि वसमतच्या बाजारात जातात. बांगलादेशात घात झाला तो याच पॉलिशच्या वेळी. १९८०च्या दशकात पुरानं हळद भिजून निस्तेज झाली, तेव्हा चमक आणायला लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळण्याची वाट पडली. या रंगात शिसं असतं.

पुढे खेड्यांतल्या गर्भवतींच्या रक्तात शिसं सापडू लागलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि तिथल्या संशोधकांनी रक्तातल्या शिशाची समस्थानिकं तपासली. मेळ बसला तो हळदीतल्या रंगाशी. २०१९मध्ये हे प्रसिद्ध झालं, सरकारनं छापे घातले, दंड केले. शिसं असलेले बाजारातले नमुने ४७ टक्क्यांवरून २०२१पर्यंत शून्यावर आले. इतक्या लवकर गुण आलेला मी तरी क्वचितच पाहिला.

आपल्याकडे मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम. २०२४च्या अभ्यासात पाटण्याच्या काही नमुन्यांत शिसं किलोमागे एक ग्रॅमहून जास्त निघालं, म्हणजे शंभरपट! आपली हळद तशी आहे असं मी म्हणत नाही. तपासणी मात्र व्हावी. शिशानं मुलाला ताप येत नाही, खोकला येत नाही. ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढंच आई सांगते, आणि रक्त तपासल्याशिवाय कारण कळत नाही. उकळून किंवा फोडणीत टाकून शिसं जात नाही.

आमच्या घरी हळकुंडं ओळखीच्या शेतकऱ्याकडून, पॉलिश न करता येतात. जरा मळकट दिसतात.