सूट, पण कोणत्या किमतीवर?

‘५० टक्के सूट’ची पाटी पूर्वी दिवाळी-ईदला लागायची. आता ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, ती बाराही महिने लटकते. कवीला हिशेब जमत नाही म्हणतात, पण महिनाअखेर तो शिकवतेच. मी आधी विचारतो, सूट कोणत्या किमतीवर? छापील किंमत म्हणजे करांसह कमाल मर्यादा; तिच्याहून कमी घ्यायला दुकानदार मोकळा असतो. २००० छापलेला सदरा निम्म्यात १०००ला मिळाला, तरी चार दुकाने पुढे तसाच ८५०ला असू शकतो. गोखले रोड किंवा फडके रोडला एक फेरी मारावी, मगच पाकीट काढावे. ‘दोनावर एक मोफत’ ही ३३ टक्के सूट, तीही तिसऱ्याची गरज असेल तर. ‘२० टक्क्यांवर आणखी २०’ म्हणजे ४० नव्हे, ३६.

हॉटेलात कूपन चालले की आपण खुशीत बिल वाचत नाही. सेवा शुल्क आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरले. लावलेच, तर काढायला सांगा. न ऐकल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मला पटलेली सवलत मात्र कूपनाची नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५मध्ये सुरू झाली. शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची यादी देतात. एकत्र खरेदीमुळे माल स्वस्त पडतो आणि तो सदस्यच वाटून घेतात.

सहलीचे म्हणाल, तर संध्याकाळी तलावपाळीला फिरायला तिकीट नाही. खर्च होतो तो भेळेचा.